सव्वीस जुलैला पाणी कुठपर्यंत आलं होतं?

कुर्ला पश्चिमेला एलबीएस रोडच्या आतल्या एका गल्लीत किराण्याचं दुकान आहे. तिथल्या काकांना पाव किलो पोहे घेता घेता मी विचारलं, काका, सव्वीस जुलैला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? त्यांनी पोह्यांचा पुडा खाली ठेवला, मागे वळले आणि भिंतीवरच्या फळीवर बोट ठेवलं. खालून तिसरी फळी. तिच्यावर आता साबण नि अगरबत्त्या मांडल्या होत्या. म्हणाले, इथपर्यंत, दोन दिवस उतरलं नव्हतं, साखरेची चार पोती गेली. मग मला पोहे बांधून देताना म्हणाले, घर बघताय का ताई?

सव्वीस जुलै म्हणजे २००५ची. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता तो दिवस. मुंबईत कुठल्याही एरियात जाऊन तिथल्या जुन्या माणसाला हा प्रश्न विचारा, आठवायला कोणालाच वेळ लागत नाही. कोणी गुडघ्याला हात लावून दाखवतं, कोणी छातीला, एका आजींनी नुसतं जिन्याकडे बोट केलं, चौथी पायरी. दीड वर्षात मी हा प्रश्न अकरा ठिकाणी विचारला, आणि ब्रोकरच्या तोंडून, ब्रोशरमधून नि साइट ऑफिसमधल्या एसीत बसून जे कळलं नाही ते त्या फळीवरून कळलं.

आम्ही डोंबिवलीचे. माझं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, नवऱ्याचं काम महापेला एमआयडीसीत, मुलगी तेव्हा पहिलीत, आणि सासूबाई आमच्याकडेच, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या. घर ते ऑफिस माझे जवळजवळ दोन तास जायचे. पंधरा मिनिटं स्टेशनपर्यंत चालत, ८:०३ची डोंबिवली लोकल, कुर्ल्याला उतरायचं, पूल चढायचा, वेस्टला शेअर रिक्षाची लाइन, पावसात ती लाइन वीस मिनिटांची तीस होते. संध्याकाळी तेच उलटं. रोजचे चार तास धरले आणि वर्षाचे दोनशे चाळीस दिवस धरले तर नऊशे साठ तास होतात, म्हणजे वर्षातले चाळीस दिवस नि चाळीस रात्री मी नुसती ये-जा करत होते. हा हिशोब मी एकदा गाडीतच मोबाइलवर केला आणि मुलीच्या वयाने गुणला, आणि त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, आपण कामाजवळ घर घेऊ या, काय व्हायचं ते कर्ज होऊ दे.

पण कामाजवळ म्हणजे कुठे, हे ठरवायला दीड वर्ष लागलं.

माझे आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. संगमेश्वरहून आलेले, आधी खानावळीत जेवून गाळ्यात झोपणारे, मग लग्न झाल्यावर दहा बाय बाराची खोली. आई सांगायची, पहिला भोंगा झाला की आजोबा चहा प्यायचे, दुसरा व्हायच्या आत ते गेटवर असायचे, सात मिनिटं लागायची चालत. पाळी सुटली की पुन्हा सात मिनिटं. गिरणगाव उभंच तसं राहिलं होतं, काम नि घर एका हाकेच्या अंतरावर. मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच जणांसारखे माझे आजोबाही परत आत गेले नाहीत. खोली १९८६मध्ये विकली, डोंबिवलीला घेतली.

मी २०११ साली नोकरीला लागले ती लोअर परळलाच. गिरणीच्याच जागेवर उभी राहिलेली काचेची बिल्डिंग, अठरावा मजला. जिथे आजोबा सात मिनिटांत चालत पोचायचे तिथे मी दोन तास प्रवास करून जायचे, हे मला पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं, आणि ते मी आईला मुद्दाम कधी सांगितलं नाही, पण तिला कळत होतंच.

त्या वेळी हातात पैसे असते तर मी डोळे मिटून परळला घर घेतलं असतं. आणि २०१८ला आमचं ऑफिस उठून बीकेसीला गेलं. एका मेलमध्ये, तीन महिन्यांची मुदत देऊन. माझ्या बाजूला बसणाऱ्या एका मुलीने सहाच महिन्यांपूर्वी करी रोडला फ्लॅट घेतला होता, सगळी बचत घालून, ऑफिसला चालत जाता यावं एवढ्याच कारणासाठी. तो मेल वाचताना तिचा चेहरा कसा झाला होता ते माझ्या चांगलंच लक्षात आहे. कर्ज वीस वर्षांचं असतं आणि ऑफिसचा भाडेकरार फार तर नऊ वर्षांचा. गिरण्या शंभर शंभर वर्षं चालल्या त्याही गेल्या, मग कंपनीच्या गेटच्या भरवशावर घर कसं घ्यायचं.

तेव्हा मी ठरवलं की ऑफिसजवळ घर नको, जिथून दोन-तीन दिशांना सरळ जाता येईल असं घर पाहिजे. लाइन बघायची, जंक्शन बघायचं. मेट्रोचं म्हणाल तर मी एक नियम केला होता, जी धावतेय तिचाच हिशोब धरायचा. खांब उभे दिसतात म्हणून ब्रोकर लोक आजच त्याचे पैसे लावतात. पण भुयारी मेट्रोची कामं कितीतरी वर्षं बघत होतो आम्ही आणि आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा चालू झाला तो ऑक्टोबर २०२४मध्ये, तेव्हा तोपर्यंतची सगळी वर्षं माणसाने ट्रॅफिकमध्ये काढायचीच असतात. पुढे येईल ती येईल, आनंदच आहे.

बघायला जाण्याची वेळ हा दुसरा मुद्दा. सगळे जण रविवारी सकाळी अकराला घरं बघायला जातात. रविवारी सकाळी अकराला मुंबईतला प्रत्येक एरिया चांगला असतो! रस्ते रिकामे, उन्हं छान, पार्किंगला जागा. मी दोन-तीन रविवार असे घालवल्यावर शहाणी झाले आणि मंगळवारी किंवा बुधवारी ऑफिस सुटल्यावर, बॅग खांद्याला तशीच, थेट तिथे जायला लागले, जणू काही तिथेच राहते नि घरी चालले आहे. स्टेशनपासून सात मिनिटं असं ज्या बिल्डिंगचं सांगितलं होतं तिथे मला जुलैत छत्री सांभाळत, फेरीवाल्यांच्या मधून, एका ठिकाणी गटाराच्या फळीवरून जाताना एकोणीस मिनिटं लागली. आणि शेवटची दोनशे पावलं दिवा नाही. मला रात्री साडेनऊला कधी यावं लागलं तर मी इथून चालत येईन का, एवढं एकच मनात धरून ती दोनशे पावलं मी चालले आणि ते घर सोडलं. मुलगी मोठी होणार, तीही उद्या क्लासवरून ह्याच रस्त्याने येणार.

विक्रोळी पूर्वेला कन्नमवारनगर मनात भरलं होतं. म्हाडाची जुनी वसाहत, मोठी झाडं, मराठी शेजार, हायवेला लागून. दुपारी गेले तेव्हा सासूबाईंना पण घेऊन गेले होते, त्या एका कट्ट्यावर बसल्या नि दहा मिनिटांत शेजारच्या बाईंचं माहेर कुठलं इथपर्यंत पोचल्या. म्हटलं झालं आता. तरी एकदा रात्री साडेदहाला गेले, आणि वारा फिरला होता, कांजूरच्या डम्पिंगचा वास आला. तिथे राहणाऱ्या माणसांनी शांतपणे खिडक्या लावून घेतल्या, रोजच्या सवयीने. मला त्या लोकांचं फार वाईट वाटलं, ती सवय व्हायला नको होती कोणाला. सासूबाईंना दम्याचा थोडा त्रास आहे त्यामुळे आम्ही थांबलो, नाहीतर कदाचित घेतलं असतं, कारण माणसं तिथे खरंच चांगली होती.

एका ठिकाणी, एरिया सांगत नाही, फ्लॅट छान होता, हवेशीर, रेट पण बसत होता. ब्रोकरने फोनवर विचारलं, मॅडम, फॅमिली व्हेज आहे ना? मी म्हटलं, आम्ही मालवणकडचे, सासूबाईंच्या हातचं माशांचं तिकलं खाल्लं की तुम्ही पण हा प्रश्न विचारणार नाही. तो म्हणाला, सोसायटीचं असं आहे, ओनर तयार आहे पण कमिटी अडवते. ज्या शहराच्या किनाऱ्यावर आधी कोळीवाडे होते त्या शहरात माझ्या घरात सुके बोंबील भाजायचे की नाही हे कमिटी ठरवणार, आणि त्याच्यासाठी वीस वर्षं हप्ते मी भरणार. मी फोन ठेवला. खूप राग आला होता आणि अजूनही येतो.

त्याच्याही आधी एकदा आम्ही फसता फसता वाचलो. अंडर कन्स्ट्रक्शन बिल्डिंग होती, बिल्डरच्या माणसाने ४३० स्क्वेअर फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, सांगितलं, सॅम्पल फ्लॅट दाखवला, आम्ही एक लाख टोकन दिलं. रात्री नवऱ्याने महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची सरकारी नोंद असते त्या साइटवर प्रोजेक्ट उघडून बघितला, तिथे त्याच फ्लॅटचं कार्पेट ३८१. मग सॅम्पल फ्लॅट आठवायला लागला, आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नव्हती, बेड नेहमीपेक्षा आखूड होता, कपाट भिंतीत रंगवल्यासारखं. एक लाख परत मिळायला चार महिने आणि माहीत नाही किती फोन लागले. तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, टोकन द्यायच्या आधी रेरा नंबर टाकून बघा, कार्पेट तिथलं खरं मानायचं. आणि रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांच्या वर मागत असेल तर द्यायचे नाहीत, कायद्यात तसंच आहे.

ह्या प्रकरणानंतर आम्ही ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, आलेलंच घर घ्यायचं ठरवलं. ओसी आलेल्या घराला जीएसटी नसतो, बांधकाम चालू असलेल्याला पाच टक्के, म्हणजे आमच्या एक कोटी वीस लाखांवर सहा लाख तिथेच वाचले. बँक नव्वद लाख देणार होती, पंचाहत्तर टक्के, आणि त्याच्यात स्टँप ड्यूटी धरत नाहीत हे आधी माहीत असावं लागतं, नाहीतर शेवटच्या महिन्यात धावपळ होते. मुंबईत सहा टक्के ड्यूटी, घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नवरा स्वतःच म्हणाला, तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ. एक लाख वीस हजार वाचले हे खरं, पण आमच्या घराण्यात कुठल्याही बाईच्या नावावर कधी घर नव्हतं, आजीच्या नाही, आईच्या नाही. रजिस्ट्रेशनच्या वेळी अंगठा टेकवताना मला आईची फार आठवण आली.

घर मिळालं ते टिळकनगरला. हार्बरवरचं, कुर्ल्याच्या पुढचं पहिलं स्टेशन, चेंबूरच्या अलीकडे. म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगा पाडून नव्या उभ्या राहिल्यात, बिल्डिंगला नाव असलं तरी जुनी माणसं अजून नंबरनेच सांगतात. मला एक स्टेशन की कुर्ला, नवऱ्याला त्याच लाइनवर उलट्या दिशेने थेट वाशी, तिथून पुढे महापे. एकाची सोय बघताना दुसऱ्याचा बळी जाणार नाही असं पूर्ण शोधात पहिल्यांदा झालं. आणि लोकमान्य टिळक टर्मिनस बाजूला, कोकणात जाणाऱ्या किती गाड्या तिथून सुटतात, त्यामुळे गणपतीला गावी जाताना सासूबाईंना दादरच्या गर्दीत ढकलाढकली करायला नको. ब्रोकरने ही गोष्ट सांगितलीच नव्हती, सासूबाईंनीच शोधून काढली.

घेण्याआधी मी तिथे पाच वेळा गेले. दोनदा सकाळी सातला, दोनदा संध्याकाळी, एकदा मुसळधार पावसात. पीठ दळणारी चक्की आहे, तिथल्या ताईंना पाण्याची वेळ विचारली. त्या चाळणीवर हात मारत, वर न बघता म्हणाल्या, पाणी पहाटे येतं, जोर बरा असतो, पण वरच्या मजल्यांना टाकीतनंच. मग वर बघून म्हणाल्या, जुन्या विंगमधलं घेताय की नव्या? मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावलं. काही बिल्डिंगांत मूळ रहिवाशांची विंग वेगळी, विकत घेणाऱ्यांची वेगळी, लिफ्ट वेगळी, एखाद्या ठिकाणी गेटसुद्धा वेगळं नि मध्ये भिंत. पुढे आम्हाला तशी एक बिल्डिंग दाखवली पण. भिंतीच्या ह्या बाजूला लॉन, त्या बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती, चेंडू इकडे आला की वॉचमन परत टाकत नव्हता. मुलगी माझा हात धरून ते बघत होती. आम्ही ती बिल्डिंग नाही घेतली. जी घेतली तिथे एकच गेट आहे आणि एकच अंगण, त्याच अंगणात गणपती बसतो, आणि चाळीस-पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या आज्या संध्याकाळी बाकावर बसतात. सासूबाईंना त्या बाकावर जागा मिळणं, माझ्या दृष्टीने, मला ऑफिस जवळ असण्याएवढंच महत्त्वाचं होतं. मी तर दिवसाचे दहा-अकरा तास घराबाहेर. एरियात खरं राहतात त्या सासूबाई, एरियात वाढणार ती मुलगी. आणि दोघांच्या नोकऱ्यांच्या मध्ये रेघ मारून एरिया निवडायला निघाले होते मी!

सगळं चांगलंच आहे असं नाही. माहुलकडून वारा आला की रिफायनरीचा उग्र वास कधीकधी जाणवतो. गाड्यांचा आवाज रात्रभर, पहिले पंधरा दिवस मुलगी दचकून उठायची. गणपतीत इथे प्रचंड गर्दी नि स्पीकर, दहा दिवस फोनवर बोलता येत नाही. घर डोंबिवलीपेक्षा लहान झालं, हॉलमध्ये सोफा आणि डायनिंग टेबल दोन्ही बसत नाही म्हणून जेवायला आम्ही खालीच बसतो. डोंबिवलीचं विकून आलेले सगळे पैसे गेले आणि महिन्याला अठ्ठ्याहत्तर हजारांचा हप्ता आहे, तो पगार झाल्याच्या तिसऱ्या दिवशी जातो नि मग महिनाभर जपून चालायचं. पण संध्याकाळी सातच्या आत मी दारात असते. खाली मुलगी लंगडी खेळत असते, मला बघून ती धावत येत नाही, नुसता हात करते नि खेळत राहते, कारण आईचं येणं आता रोजचं झालंय. डोंबिवलीला ती माझी वाट बघत झोपून जायची.

एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरली नव्हती. ८:०३चा आमचा ग्रुप. लेडीज डब्यात तेरा वर्षं आम्ही आठ-नऊ जणी एकत्र, दारापासून दुसऱ्या खणात. मी परळला जायचे तेव्हाही तीच गाडी नि बीकेसीला जायला लागले तेव्हाही तीच. कुठे उतरणार, घाटकोपर, मग तुमची सीट मला, इथून ओळख सुरू झालेली. माझं डोहाळजेवण त्या गाडीत झालं, डोंबिवली ते घाटकोपरच्या मध्ये, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या मला. आई गेली तेव्हा तेराव्यानंतर पहिल्या दिवशी मी गाडीत चढले तर कोणी काही बोललं नाही, नुसती खिडकीची सीट मोकळी करून दिली, अख्ख्या तेरा वर्षांत एवढी एकदाच मला मागितल्याशिवाय खिडकी मिळाली. मुलीला नववा लागला तेव्हा कुठलं दूध चाललं, शाळेची अ‍ॅडमिशन, सासूबाईंचा डॉक्टर, सगळं त्या खणात ठरलं. मी एरिया शोधत हिंडत होते आणि माझा एक एरिया रोज सकाळी पन्नास मिनिटं रुळावरून धावत होता हे मला शेवटच्या आठवड्यात उमगलं, एप्रिल २०२४मध्ये, जेव्हा सावंतकाकूंनी माझी ओटी भरली आणि ठाणं येईपर्यंत कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

आता मी टिळकनगरहून निघते, कुर्ल्याला हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर उतरते, पूल चढून वेस्टला जायचं असतं. शुक्रवारी मी दहा मिनिटं लवकर निघते आणि वाटेत अप फास्टच्या प्लॅटफॉर्मवर उतरते, लेडीज डबा थांबतो तिथे. ८:५०च्या सुमारास आमची गाडी येते. अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही, उतरणाऱ्या नि चढणाऱ्यांचा लोंढा असतो, पण दुसऱ्या खिडकीच्या जाळीला बोटं दिसतात, नावाने हाका येतात आणि दारातल्या कुठल्यातरी अनोळखी बाईच्या हातून एक डबा पुढे येतो. कधी घावन, कधी थालीपीठ, गेल्या शुक्रवारी ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. मी रिकामा झालेला मागचा डबा आत देते. तो रिकामा देत नाही, त्याच्यात आमच्या चक्कीवरचं भाजणीचं पीठ भरलेलं असतं. गाडी हलते. सावंतकाकू ओरडून काहीतरी विचारतात, बहुतेक सासूबाईंच्या गुडघ्यांचं, आणि मी तेवढ्याच मोठ्याने सांगते, बऱ्या आहेत काकू, रोज खाली उतरतात आता.